त्या माळावर पुन्हा खड्डे खणण्याआधी

"फुलं बघायला? दोन दिवस? आणि बाराशे रुपये देऊन?"

रूममेटचे हे तीन प्रश्न. तिन्ही रास्त होते, कारण पुढच्या बुधवारी स्ट्रक्चर्सची टेस्ट होती आणि माझ्या जर्नलची अवस्था त्याला ठाऊक होती. खरं कारण मी त्याला सांगितलं नाही. कारण साधं होतं. एका सीनिअरचा कॅमेरा दोन दिवसांसाठी मिळणार होता आणि कासचे गालिच्यासारखे फोटो काढून ते सगळ्यांना दाखवायचे होते. निसर्गप्रेम वगैरे काही नाही. तर मित्रांनो, असा मी सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी पहाटेच्या एसटीने साताऱ्याला निघालो. परत आलो तेव्हा कॅमेऱ्यात फोटो होते चौदा, आणि डोक्यात एक गोष्ट सलत होती. ती आपल्या कॉलेजबद्दलची आहे, म्हणून हा लेख.

शिबिर घेणारे सर वनस्पतीशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. पायात गमबूट, गळ्यात दोऱ्याला बांधलेलं दहापट मोठं दाखवणारं भिंग, आणि आवाज असा की सडाभर ऐकू जावा. शनिवारी कासला वाटेवरूनच हिंडायचं, फुलांत पाय घालायचा नाही, आणि दुपारपर्यंत कॅमेरा पिशवीतून काढायचा नाही, हा त्यांचा पहिला नियम. माझं तोंड पडलं. बाराशे रुपये!

कास साताऱ्यापासून साधारण पंचवीस किलोमीटर, उंची बाराशे मीटरच्या आसपास. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा दिला त्यात महाराष्ट्रातली चार ठिकाणं आली, त्यांतलं हे एक. (उरलेली तीन कोयना, चांदोली आणि राधानगरी.) एवढं सगळ्यांना माहीत असतं. मला माहीत नव्हतं ते पायाखालचं. खाली बेसॉल्ट आणि वर जांभ्याची टोपी. सेकंड इयरला जिऑलॉजीच्या ओरलला ट्रेमधला जांभा मी ओळखला होता, दोन मार्क मिळाले होते, आणि तो विषय तिथेच संपला होता. त्या जांभ्यावर माती किती? कुठे चार बोटं, कुठे एक, कुठे नुसतीच ओल. पावसाळ्यात तीन-चार महिने पाणी साचून राहतं, आणि एप्रिल-मेमध्ये तोच कातळ तव्यासारखा तापतो. इतक्या पावसात मातीतलं सत्त्व धुऊन जातं, नायट्रोजन तर नावालाच. अशा जागेला आपल्याकडे सडा म्हणतात. सड्यावर मोठं झाड नसतं ते कुणी तोडलं म्हणून नव्हे. तिथे त्याला मूळ धरायला जागाच नसते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सरांची शिकवण्याची पद्धत भलतीच. नाव विचारलं की सांगायचे नाहीत. "काय दिसतंय ते सांग. काय वाटतंय ते नको." पानं समोरासमोर की एकाआड एक? खोड गोल की चौकोनी? (चौकोनी असेल आणि पानं समोरासमोर असतील तर आधी तुळशीच्या कुळाकडे बघ.) पाकळ्या सुट्या की जोडलेल्या? तीनाच्या पटीत की पाचाच्या? प्रत्येक उत्तराला दोन फाटे, एक फाटा धरला की पुढचा प्रश्न. अर्ध्या तासात कॉम्प्युटरचा एक जण ओरडला, "सर, हे तर इफ-एल्स आहे!" सर म्हणाले, "तुमच्या आधीपासून आहे."

माझं पहिलं फूल सोनकी. पिवळंधमक, सड्यावर सगळीकडे. मी पाकळ्या मोजायला लागलो. सरांनी भिंग हातात दिलं. बघतो तर ते एक फूल नव्हतंच. मधल्या गोलात बारीक बारीक फुलांची दाटी, प्रत्येकाला आपापले परागकोश, आणि ज्याला मी पाकळी समजत होतो ते कडेचं एकेक आख्खं फूल. सूर्यफूल आणि झेंडू याच कुळातले. म्हणजे वीस वर्षं दसऱ्याला झेंडूचं तोरण बांधतोय आणि आपण फुलांचा गुच्छ ओवतोय हे कधी कळलंच नाही. थोडी लाज वाटली, खरं सांगतो.

मग कवळा. पिवळ्या फुलावर दोन लाल ठिपके, म्हणून हल्ली लोक त्याला मिकी माऊस म्हणतात. ज्या घरी आमचा मुक्काम होता तिथल्या मावशींना मी ते नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "माऊस कसला! कवळा न्हवं का ह्यो. कोवळा आसला की भाजी करतो आमी." सरांनी दुरुस्ती केली की भाजीचा कवळा आणि हा सख्खे भाऊ नव्हेत, चुलत. मावशींना ती दुरुस्ती फारशी पटलेली दिसली नाही. पण मला वाटतं, दोघांनाही ते झाड ओळखता येत होतं. एकाला भिंगातून, एकीला चुलीवरून. येत नव्हतं ते फक्त माझ्यासारख्याला, ज्याच्या खिशात झाडं ओळखणारं ॲप होतं. ॲपबद्दल तक्रार नाही. पण त्याला फोटो दाखवला की ते नाव सांगतं आणि आपण पुढे चालायला लागतो. सरांच्या पद्धतीत नाव शेवटी येतं, आणि तोवर त्या झाडाशी चांगली ओळख झालेली असते.

आता सीतेची आसवं. निळी-जांभळी, बोटाच्या पेरापेक्षा लहान, ओल्या कातळावर पसरलेली. हे फूल कीटकभक्षी आहे म्हटल्यावर आमच्यातल्या काहींनी बोट घालून पाहिलं. फुलाचा त्यात काही हात नाही. सापळा खाली, ओल्या मातीत. मोहरीहून लहान फुगे असतात. फुग्याच्या भिंती आतलं पाणी बाहेर टाकतात, आत दाब कमी होतो, भिंती आत ओढल्या जातात आणि दार घट्ट मिटून राहतं. दारावरच्या केसाला एखाद्या सूक्ष्म जीवाचा धक्का लागला की दार उघडतं आणि पाण्यासकट तो आत खेचला जातो. हे सगळं साधारण एका मिलिसेकंदात. आपल्या फ्लुईड मेकॅनिक्सच्या लॅबमधला सेंट्रिफ्यूगल पंप प्रायमिंगसाठी पाऊण तास घेतो आणि तरी हवा धरतो. इथे चार बोटं मातीत लाखो व्हॅक्यूम पंप बिनआवाज चालू आहेत. नायट्रोजन मातीत नाही, तर तो असा मिळवायचा. शेजारीच दवबिंदू, त्याची तऱ्हा वेगळी. पानावर चिकट थेंब, त्यावर बसला तो अडकला. दोघांचं दुखणं एकच, गरीब माती.

कारवी आम्हाला फुललेली दिसली नाही. ती सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते. आपली डिग्री चार वर्षांची, त्यामुळे ती बघायला मिळेलच असं नाही. ज्यांचं दर सेमिस्टरला काही ना काही मागे राहतं त्यांना संधी जास्त.

संध्याकाळी जेवणं झाल्यावर सरांनी एक जाडजूड पुस्तक काढलं. थिओडोर कुक यांचं मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवरचं पुस्तक, १९०१ ते १९०८ या काळात भागाभागाने प्रसिद्ध झालेलं. शंभरावर वर्षं झाली, अजून या भागातली वनस्पती ओळखायची तर त्याच्याकडे वळावं लागतं. "हा माणूस कोण होता सांगा," सर म्हणाले. आम्ही म्हणालो, बॉटनीचा प्रोफेसर. सर हसले. कुक होते सिव्हिल इंजिनियर! आयर्लंडमधून आले, बीबीसीआय रेल्वेत नोकरी केली, वसईच्या खाडीवरचा लोखंडी पूल बांधण्याचं काम पाहिलं, आणि १८६५ पासून पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजचे, म्हणजे आजच्या सीओईपीचे, बरीच वर्षं प्राचार्य होते. पूल बांधता बांधता आणि कॉलेज चालवता चालवता त्यांनी झाडं ओळखली, गोळा केली, नोंदली. "हा आपला विषय नाही" हे वाक्य मी त्या रात्रीपासून जपून वापरतो.

रविवारी खरं शिबिर झालं. गावाचा स्वतःचा एक छोटा सडा आहे, तिथे गावकऱ्यांना विचारून आम्हाला नेलं. प्रत्येकाला एक मीटर लांबीच्या चार काठ्या आणि सुतळी. आपला एक चौरस मीटर आखायचा आणि त्यात किती प्रकारच्या वनस्पती आहेत ते सांगायचं. मी दोन मिनिटांत उत्तर दिलं. तीन. गवत, पिवळं आणि जांभळं. सर काही बोलले नाहीत, नुसते पुढच्या चौकोनाकडे गेले. म्हणून पुन्हा बसलो. गवतच चार तऱ्हेचं निघालं. पांढऱ्या बटणासारखे गेंद, त्यांच्यात लपलेली निळी आभाळी, एक पांढरी तुतारी जी दिसते स्वतंत्र पण मुळांतून शेजारच्या गवताचं चोरून खाते. दोन तासांनी माझी यादी एकोणीसवर गेली. गुडघे ओले, मान आखडलेली. एका चौरस मीटरमध्ये एकोणीस! आणि पहिल्यांदा बघितलं तेव्हा तीन. मधल्या दोन तासांत सडा तसाच होता.

त्याच वेळी ती सलणारी गोष्ट सुरू झाली.

गेल्या वर्षी जुलैमध्ये आपल्या हॉस्टेलमागच्या माळावर वृक्षारोपण झालं, आठवतंय? पाचशे खड्डे, पाचशे रोपं, टी-शर्ट, पाहुण्यांचं भाषण, वडापाव. मी स्वयंसेवक होतो. अकरा खड्डे मी स्वतः पहारीने खणले, हाताला फोड आले, आणि त्याचं सर्टिफिकेट माझ्या फाईलमध्ये आहे. त्या दिवशी मला मनापासून अभिमान वाटला होता. हे मी कुणाची चेष्टा करायला सांगत नाहीये. ज्या सरांनी तो कार्यक्रम घेतला त्यांनी स्वतः उन्हात उभं राहून रोपांना पाणी घातलंय, हे आम्ही पाहिलंय.

पण शिबिराहून आलो आणि दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी त्या माळावर गेलो. माझे अकरा खड्डे शोधले. रोपं जगली होती दोन, तीही गिरिपुष्पाची, आणि पिवळी पडलेली. खड्ड्याभोवती फोडलेल्या मुरुमाचे ढीग होते, त्यांवर गाजर गवत माजलेलं. आणि खड्ड्यांपासून सात-आठ पावलांवर, जिथे पहार पोचली नव्हती तिथे, ओल्या कातळावर सीतेची आसवं. आपल्या हॉस्टेलमागे! तीन वर्षं मी त्या माळावर फोनवर बोलायला जातोय. खड्ड्यांच्या बाजूला मात्र ती नव्हती. सिव्हिलवाल्याला याचं कारण शोधायला वेळ लागू नये. कातळावर पातळ थराने पसरून राहणारं पाणी आता खड्ड्यात उतरत होतं. अकरा ठिकाणी मी ड्रेनेज करून दिलं होतं.

त्यानंतर चार रविवार आम्ही तिघं तिथे गेलो, वही घेऊन. सत्तावीस वनस्पती ओळखता आल्या. सहा अजून ओळखता आलेल्या नाहीत. हा काही शास्त्रीय सर्व्हे नव्हे, मान्य. टेस्टच्या आठवड्यात केलेलं काम आहे. पण पाचशे खड्डे खणण्याआधी एवढंही कुणी केलं नव्हतं.

आता ऐकतो की येत्या जुलैमध्ये आणखी एक हजार खड्ड्यांची योजना आहे. माझं म्हणणं स्पष्ट आहे. ते खड्डे त्या माळावर खणू नयेत.

यावर पहिला प्रश्न येतो तो मीही विचारला असता. झाडं लावणं वाईट कसं? वाईट नाहीच. पार्किंगच्या कडेला लावा, नाल्याकाठी लावा, गर्ल्स हॉस्टेलच्या रस्त्याला तर सावलीच नाही, तिथे लावा. तिथे माती आहे, पाणी आहे, रोज येणारे-जाणारे आहेत. माळावर लावतो कारण तो 'रिकामा' दिसतो. हा रिकामेपणा आपल्या कागदपत्रांतच भरलेला आहे. सात-बाराच्या उताऱ्यावर असल्या जमिनीला शब्द आहे पोटखराबा. केंद्र सरकार वेस्टलँड ॲटलास काढतं, त्यात खडकाळ उघडी जमीन आणि खुरट्या झुडपांची जमीन वेस्टलँडमध्येच मोजतात. पिकाच्या दृष्टीने ते बरोबर असेल. पण एकदा कागदावर ओसाड लिहिलं की तिथे काहीही करायला आपण मोकळे. कुणी झाडं लावतं, कुणी चिरे काढतं, कुणी प्लॉट पाडतं.

दुसरा मुद्दा कार्बनचा. तोही ऐकून घेतला पाहिजे. पण हिशोब करायचाच तर जगलेल्या झाडांचा करा, लावलेल्या नव्हे. माझ्या अकरांतली दोन जगली आहेत. जी जगतात ती बहुतेक गिरिपुष्प, मूळची मध्य अमेरिकेतली. मुळांतून ती मातीला नायट्रोजन पुरवते. शेताच्या बांधावर हा गुण. पण ज्या वनस्पती नायट्रोजन नसलेल्या मातीत राहायला शिकल्या, त्यांच्या घरात तो ओतला की घर तणांचं होतं. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्पाखाली उभं राहून कुणीही पाहून यावं, काय उगवतं ते.

तिसरा मुद्दा उघड कुणी बोलत नाही, पण असतो. तपासणी समिती येते तेव्हा फाईलमध्ये फोटो लागतात. हातात रोप धरलेला विद्यार्थी फोटोत छान दिसतो. गुडघ्यावर बसून गवतात बघणारा विद्यार्थी काहीतरी हरवल्यासारखा दिसतो. याला माझ्याकडे उत्तर नाही. फोटो काढणाऱ्यानेच काहीतरी शोधावं.

माझा आतेभाऊ अमेरिकेत इलिनॉय राज्यात एमएस करतोय. त्याला हे सगळं फोनवर सांगितलं तर म्हणाला, आमच्याकडे हेच झालं, फक्त झाडाऐवजी नांगराने. त्या राज्याचं टोपणनावच प्रेअरी स्टेट. माणसाच्या उंचीच्या गवताचा आणि फुलांचा समुद्र होता तिथे, सुमारे दोन कोटी वीस लाख एकर. गवताची मुळं इतकी दाट आणि माती इतकी चिकट की ओतीव लोखंडाचा नांगर चालेना. १८३७ मध्ये जॉन डिअर नावाच्या लोहाराने तिथेच पोलादी फाळाचा गुळगुळीत नांगर केला. मोडक्या करवतीच्या पात्यापासून केला असं सांगतात. मॅन्युफॅक्चरिंगच्या दृष्टीने झकास काम. माती फाळाला चिकटेना, आणि पन्नास-साठ वर्षांत प्रेअरी जवळजवळ संपली. आज तिथे जुनी, न नांगरलेली चांगली प्रेअरी उरली आहे ती दहा हजार एकरांत एक एकर या हिशोबाने. उरली कुठे? रेल्वेरुळांच्या कडेला आणि जुन्या दफनभूमीत. कारण तिथे नांगर घालता आला नाही. माझा भाऊ एका शनिवार-रविवारी अशाच एका दफनभूमीत फुलं ओळखायला गेला होता, माहितगारांबरोबर. तिथे त्याला कंपास प्लांट दाखवलं. सोनकीच्याच कुळातलं, पण उंची माणसाहून जास्त, मुळं चार-साडेचार मीटर खोल, आणि पानांच्या कडा उत्तर-दक्षिण धरून उभ्या. शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये विद्यापीठाने १९३० च्या दशकापासून नांगरलेल्या शेतात पुन्हा प्रेअरी उभी करायला घेतली. नव्वद वर्षं होत आली, काम चालूच आहे.

आपल्या माळावर नव्वद वर्षं घालवायची गरज नाही. अजून तो बराचसा आहे तसा आहे.

वायतुऱ्याची गोष्ट सांगतो. सड्यावरच्या उथळ पाण्यात वाढणारी वनस्पती, वर इंग्रजी वाय अक्षरासारखा तुरा. तिच्या शास्त्रीय नावात सातारा आहे. हे नाव तिला मिळालं १९८० च्या दशकात. कुकसाहेबांच्या एवढ्या मोठ्या पुस्तकात हे नाव सापडणार नाही. म्हणजे एवढे जाणकार येऊन गेले तरी काहीतरी उरलंच होतं. आमच्या वहीतल्या सहा अनोळखी वनस्पतींत असं काही थोर निघेल असा दावा नाही, बहुधा आमचाच अभ्यास कमी पडला असेल. पण ते खड्डा खणण्याआधी कळलेलं बरं, नंतर नव्हे.

आणि वेळ बघा. वृक्षारोपण होतं जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात. तेव्हा माळावर आषाढ आमरी जेमतेम फुललेली असते, बाकी सगळं कोंब नाहीतर बी. सप्टेंबरमध्ये तिथे काय असणार हे जुलैत दिसतच नाही. आपण नेमके तेव्हाच पहार घेऊन जातो.

म्हणून प्राचार्य सर आणि एनएसएसच्या सरांना विनंती. यंदाचे हजार खड्डे खाली, मातीच्या जागी घ्या. मी स्वतः वीस खणतो, लिहून देतो. माळ एक वर्ष तसाच ठेवा आणि जून ते नोव्हेंबर दर पंधरा दिवसांनी त्याची नोंद करू द्या. स्वयंसेवकांना त्याचे तास खड्डे खणण्याइतकेच धरा. आणि त्या निवृत्त सरांना दोन दिवस इथे बोलवा. ते येतो म्हणाले आहेत, मानधन नको म्हणाले, फक्त जेवण आपल्या मेसचं आहे एवढं मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

बाकीच्यांसाठी. पहिला मोठा पाऊस झाला की त्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी सकाळी साडेसहाला मेसच्या मागच्या गेटपाशी जमतोय. सुतळी आणि काठ्या आहेत. भिंग एकच आहे, ते आळीपाळीने. रूममेट येतो म्हणालाय, पण साडेसहा ऐकल्यावर जरा विचारात पडलाय.